पाटीवरचा डाग

गौतमी खानझोडे मूळची अमरावतीची. मे महिन्यात जिथल्या रस्त्यांचं डांबर चपलेला चिकटतं, तिथली ही बाई दर सप्टेंबरात लाहौलच्या एका आडबाजूच्या खोऱ्यात जाते आणि शिलाथांग नावाच्या हिमनदीसमोर ट्रायपॉड लावून बसते, हे ऐकून लोक आधी हसत. मग तिचे फोटो बघत आणि गप्प होत. वीसेक वर्षं ती एकाच खडकावरून, एकाच कोनातून त्या हिमनदीचा फोटो काढत आली होती. सगळे फोटो भिंतीवर ओळीने लावले की बर्फ मागे मागे सरकताना दिसे, आजारी माणूस अंथरुणात हळूहळू लहान होत जावा तसा.

त्या वर्षी पहिल्यांदाच तिचा धाकटा भाऊ सारंग बरोबर होता. आई गेली तेव्हा सारंग शाळेत होता. त्याचे डबे, त्याच्या परीक्षा, त्याचं कॉलेज, सगळं गौतमीने निभावलं होतं. आता तो चाळिशीला टेकला होता, पुण्यात भौतिकशास्त्रज्ञ होता, एका लहान मुलीचा बाप होता. आणि त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये 'पाटी' होती.

पाटी हे घरगुती नाव. खरं नाव म्यूऑन कॅमेरा. अंतराळातून पृथ्वीवर सतत वैश्विक किरणांचा मारा होत असतो. वातावरणाच्या वरच्या थरात ते हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्यातून म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण खाली येतात. आपण तळहात नुसता पसरून बसलो तरी दर सेकंदाला एखादा म्यूऑन त्यातून आरपार निघून जातो, आपल्याला पत्ताही नसतो. खडक, पाणी, बर्फ, कशालाच तो सहज दाद देत नाही. मात्र वाटेत जितकं जास्त वस्तुमान, तितके जास्त कण वाटेतच अडतात. म्हणजे एखाद्या डोंगराखाली बसून कुठल्या दिशेने किती म्यूऑन आले हे मोजत राहिलं, तर त्या डोंगराचा एक प्रकारचा एक्स-रे मिळतो. जिथे पोकळी तिथे उजळ, जिथे भरीव तिथे काळं. पूर्वी या कामाला खोलीएवढी यंत्रं लागत. सारंगच्या गटाने ते सगळं शाळेच्या पाटीपेक्षा थोड्या मोठ्या, घडी घालता येणाऱ्या पत्र्यात आणलं होतं.

पाट्या बाजारात आल्या आणि दोन-तीन वर्षांत हिमालयातलं पर्यटन बदलून गेलं. हिमनदीच्या पोटातल्या गुहांत पूर्वी वेडेच शिरत. आता पाटी लावायची, छताची जाडी बघायची, पडद्यावर हिरवी खूण आली की आत. बर्फाच्या गुहेत लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपीही येऊ लागली होती.

गौतमीला हे आवडलं नव्हतं. "डोळ्याला दिसत नाही त्याचा फोटो कसला रे?" ती म्हणायची.

"ताई, दिसतं तेवढंच असतं का?" सारंग म्हणायचा.

त्याला हवं होतं की एकदा तरी तिने पाटीवर विश्वास ठेवून आत यावं. आणि तिला हवं होतं की एकदा तरी त्याने तिच्याबरोबर डोंगरात यावं. म्हणून दोघं आले होते.

तिसरा होता अंगरूप. खालच्या ल्हारिक गावचा, गौतमीच्याच वयाचा, पहिल्या वर्षापासूनचा तिचा वाटाड्या. बोलघेवडा माणूस, डोक्यावर बारा महिने लाल टोपी. पाटीचं त्याला सारंगहून जास्त कौतुक होतं. ती गावात आली तर आपणही लोकांना आत नेऊ, असे बेत तो वाटभर सांगत होता.

"दीदी, वीस वर्षं दारात उभ्या आहात," तो त्या सकाळी म्हणाला. "एकदा घरात तर या."

सारंगने हिमनदीच्या तोंडाशी पाटी लावली. छत भरपूर जाड निघालं. हिरवी खूण आली. तिघं आत शिरले.

वाट उताराची होती. एका अरुंद, तिरक्या बोगद्यातून ते खाली खाली गेले आणि एकदम एका दालनात उतरले. गौतमी जागच्या जागी थांबली. बर्फ प्रकाशातला तांबडा भाग गिळून टाकतो आणि निळा तेवढा पुढे जाऊ देतो, हे तिला माहीत होतं. पण हा निळा तिने बाहेरून कधी पाहिला नव्हता. भिंतींमध्ये शेकडो वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे अडकलेले होते. तिने न बोलता ट्रायपॉड उघडला.

"मग?" सारंगने विचारलं. लहानपणी प्रगतिपुस्तक पुढे करून तो असाच उभा राहायचा.

"गप्प बस जरा," ती म्हणाली, पण हसली.

सारंगने तिला दाखवण्यासाठी पाटी दालनातही मांडली. दुसरी बॅटरी बाहेर खेचरावर राहिली होती. "मी आणतो," म्हणत अंगरूप बोगद्यातून वर निघाला. त्याच्या बुटांखाली बर्फ करकरल्याचा आवाज थोडा वेळ येत राहिला.

मग तो दुसरा आवाज झाला. फार मोठा नव्हता. ओलं कापड फाटावं तसा, पण पायांतून वर चढलेला. पाठोपाठ बोगद्यातून वाऱ्याचा एक लोट आला, त्याने ट्रायपॉड आडवा केला, आणि निळा उजेड मालवल्यासारखा गेला.

हेडलॅम्प लावून दोघं बोगद्याकडे धावले. बोगदा नव्हताच. कपाटाएवढे बर्फाचे तुकडे एकमेकांत रुतून बसले होते.

"अंगरूप!" गौतमी ओरडली. "अंगरूप!"

बर्फाने आवाज शोषून घेतला. दोघं आळीपाळीने ओरडले, बर्फकुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकलं, कान लावून ऐकलं. पलीकडून काही आलं नाही.

"तो अर्ध्या वाटेत असणार," सारंग म्हणाला.

सीमेजवळचा मुलूख, त्यामुळे परवानगीचा सॅटेलाइट फोन एकच, आणि तो सारंगच्या सॅकमध्ये. त्याला आकाश लागतं. इथे डोक्यावर बर्फाचा डोंगर होता. त्यांच्याकडे गौतमीची बर्फकुऱ्हाड होती, पाटी बसवण्यासाठी आणलेलं एक घडीचं फावडं, दोर, एकेक पातळ पांघरूण, थोडा सुकामेवा आणि एक बॅटरी.

"सकाळी ही म्हणाली होती ना, सुरक्षित आहे म्हणून?" गौतमीने पाटीकडे बोट केलं.

"ती एवढंच म्हणाली की छत जाड आहे. ते जाडच होतं." सारंग खाली बसला. "पाटीला वस्तुमान कळतं, ताई. आतला ताण कळत नाही. जाड म्हणजे पडणार नाही, हे तिने कधी सांगितलंच नव्हतं. ती हिरवी खूण आम्ही घातली."

गौतमीने आडवा झालेला ट्रायपॉड उचलून उभा केला. त्याला रागवायची ही जागा नव्हती.

थोड्या वेळाने तोच उठला. "पण बाहेर कुठून पडायचं, ते ही सांगू शकेल," तो म्हणाला. "आपण बर्फाच्या खाली आहोत. हिला बसायला याहून चांगली जागा नाही."

त्याने पाटी सपाट केली आणि बॅटरी जोडली. टॅबलेटच्या पडद्यावर रवा सांडल्यासारखे ठिपके पडू लागले. मग वाट बघणं सुरू झालं.

वाट बघणं हा गौतमीचा धंदा होता. एका फोटोसाठी तिने दिवस दिवस काढले होते. पण तेव्हा ती उजेडाची वाट बघायची आणि कधीही उठून तंबूत जाऊ शकायची. इथे उठून जायला काही नव्हतं. दालनाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाऊन यायचं, हात काखेत घालायचे, परत बसायचं. भिंती मधूनच कुरकुरत. प्रत्येक कुरकुरीला दोघं वर बघत.

त्यांच्या जॅकेटांत ऊब देणाऱ्या तारा होत्या. त्याही त्याच बॅटरीवर चालत. सारंगने त्या मधेमधेच लावायच्या असं ठरवलं. गौतमीच्या पायांची बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. दुखायची थांबली तेव्हा ती घाबरली आणि जागेवर उड्या मारत राहिली.

हळूहळू पडद्यावरचे ठिपके गोळा होऊ लागले. दालनाच्या मागच्या बाजूला, जवळजवळ डोक्यावर, एक लांबट उजळ पट्टा उमटला.

"भेग आहे!" सारंग पडद्यावर वाकला. "वरून आलेली खोल भेग. तळाशी भुसभुशीत हिम भरलंय. म्हणून हलकी दिसतेय. दोन पुरुष उंचीएवढं खणलं तर आपण भेगेच्या तळात निघू. ताई, निघतो आपण!"

गौतमी मात्र पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे बघत होती. "आणि हे काय?"

ढासळलेल्या बोगद्याच्या दिशेला, तिरकस वर, एक फिकट डाग होता. दुधाचा ओघळ पुसला तरी राहतो तसा.

सारंगने तो डाग बोटांनी मोठा करून बघितला. "नॉईज असेल, मोजणीतला भास," तो म्हणाला. "म्यूऑन बहुतेक डोक्यावरून येतात. तिरके येणारे थोडे, आणि त्यांना बर्फही जास्त ओलांडावा लागतो. त्या बाजूचं चित्र फार उशिरा उमटतं. तोवर असले डाग येतात आणि जातात."

"आणि नॉईज नसेल तर?"

"तर पोकळी आहे. तुकडे एकमेकांना अडून मध्ये जागा राहिली असेल."

"माणूस मावेल एवढी?"

"ताई..."

"मावेल का?"

"मावेल."

दोघंही त्या डागाकडे बघत राहिले. आता तो न दिसल्यासारखं करता येत नव्हतं.

"हे बघ," सारंग शेवटी म्हणाला. "बॅटरी थोडी उरली आहे. ती पाटीला दिली तर जॅकेटं बंद. जॅकेटं बंद झाली तर हात चालणार नाहीत. आणि हात नाही चालले तर वरचा रस्ता माहीत असून उपयोग काय? आपण आता खणायला लागलो पाहिजे."

"आणि तो तिथे बसला असेल तर?"

"आपण ओरडलो, ताई. तो काही बोलला का?"

"बेशुद्ध असेल. ऐकू गेलं नसेल."

"समजा असला. तिथे पोचायला ते सैल तुकडे उपसावे लागतील. एक हलला तर सगळे आपल्यावर. आणि पोचलो तरी तिकडून बाहेर वाट नाही. म्हणजे तिघंही..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग एकदम त्याचं पुण्याचं बोलणं गळून पडलं. "काहून ऐकत नाहीस तू? माझी पोरगी आहे ना घरी!"

"त्याच्याही घरी माणसं आहेत."

"माहीत आहे मला!"

त्याचा आवाज दालनात फिरून आला. वरून बर्फाचा चुरा सांडला. दोघं अंग चोरून उभे राहिले.

"माझ्या जॅकेटची वायर काढ," गौतमी शांतपणे म्हणाली. "तुझी राहू दे. पाटी चालू ठेव. काय ते कळू दे, मग ठरवू."

"कळलं की ठरवणं सोपं होईल असं वाटतं तुला?"

तिने स्वतःच वायर उपटली.

सारंगने तिला भिंतीपासून दूर, सॅकवर बसवलं, स्वतःचं पांघरूण तिच्यावर टाकलं आणि टॅबलेट मांडीवर घेऊन बसला. थंडी गुडघ्यांतून वर सरकत गेली. गौतमीला आईच्या स्वयंपाकघरातला माठ आठवला, त्याला गाल लावून उभं राहायची सवय आठवली. मग तिची मान कलली.

सारंगने हलवलं तेव्हा आपण किती वेळ झोपलो ते तिला कळेना.

"ताई, ऊठ. झोपायचं नाही. खणायचंय."

"तो डाग?"

"विरला," सारंग म्हणाला. "नॉईजच होता."

टॅबलेट त्याच्या बाजूला बर्फावर पडला होता. पडदा अजून चालू होता, त्याचा उजेड भिंतीवर पडला होता. गौतमीने हात लांब केला असता तर पोचला असता. तिने कुऱ्हाड उचलली.

त्यांनी पाटीची वायर काढली आणि उरलेली बॅटरी जॅकेटांना दिली. मागच्या भिंतीत पायऱ्या खोदत सारंग वर चढला आणि छताला भिडला. आधी काचेसारखा कडक बर्फ, एका घावाला मूठभर निघणारा. मग तो थकला की गौतमी. तुकडे तोंडावर पडत, मानेतून आत शिरत आणि पाठीवर वितळत. खणलेली वाट त्यांच्या अंगाएवढीच अरुंद होत गेली. वर असलेल्याला खाली बघता येत नसे, खाली असलेल्याला वरच्याचे बूट तेवढे दिसत. एकदा गौतमीचा खांदा अडकला. पुढेही सरकेना, मागेही येईना. तिला वाटलं, संपलं. बर्फ तिला चारी बाजूंनी हळूहळू आवळतोय असा भास झाला आणि ती किंचाळली.

"श्वास सोड," खालून सारंग म्हणाला. "पूर्ण सोड. आता सरक."

ती सरकली.

पुढे कडक बर्फ संपला आणि दाबलेलं हिम लागलं. फावडं त्यात सुरी शिरावी तसं शिरलं. मग एका घावासरशी हात रिकाम्या हवेत गेला. भोकातून करडा, साधा, दिवसाचा उजेड आत आला. गौतमी रडायला लागली.

भेगेच्या तळाशी वरून पडलेल्या हिमाचा तिरका ढीग होता. त्यावरून चढत गेलं की शेवटी माणसाच्या उंचीची सरळ भिंत, आणि वर आभाळाची पट्टी. गौतमी वजनाने हलकी, म्हणून ती पुढे. कमरेला दोर, हातात कुऱ्हाड. सारंग खालून दोर सोडत राहिला. कडेवर पोट टेकून ती बाहेर लोळली तेव्हा वारा इतका जोरात होता की तिला नीट श्वास घेता येईना. दुसऱ्या दिवसाचा सूर्य डोक्यावर आला होता. ती वळली, बूट रोवून बसली आणि दोर ओढू लागली.

दोर हलका आला. टोकाला सॅटेलाइट फोनची पिशवी बांधलेली होती.

"सारंग! दोर सुटला तुझा!"

"सुटला नाही." त्याचा आवाज भेगेतून वर आला. "ताई, फोन लाव. लोकांना बोलव."

"तू वर ये आधी!"

"तो डाग विरला नव्हता."

गौतमीच्या हातातला दोर थांबला.

"तू झोपलीस त्यानंतर तो ठळक होत गेला," सारंग म्हणाला. "कडा स्पष्ट आल्या. खोलीएवढी जागा आहे. मी तुला खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तू तिथून हलली नसतीस."

"अरे, मग आता..."

"मी पण बाहेर यायचंच ठरवलं होतं. देवाशपथ. उजेड दिसला आणि मग पाय उचलेना. तू बाहेर पडलीस, तेवढं झालं. आता मी बघून येतो."

"सारंग! सारंग, थांब!"

तो भोकात परत शिरताना तिने फक्त त्याच्या हेडलॅम्पचा प्रकाश पाहिला. तोही गेला.

तिला उडी टाकावीशी वाटली. पण फोन तिच्या हातात होता. बचाव केंद्रातल्या माणसाने नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडणार नाही, वारा पडला की पाठवू. तिने फोन बंद केला आणि भेगेच्या कडेला गुडघ्यांवर बसली. वीस वर्षं तिने या बर्फाकडे पाहिलं होतं, आणि दुसऱ्या कुणाच्या नजरेवर कधी विसंबली नव्हती. आणि काल की आज, जे काही होतं ते, पडदा हाताशी असताना तिने तो पाहिला नव्हता. सारंग खोटं बोलला होता. पण ते खोटं तिला किती पटकन पटलं होतं!

ती खाली उतरण्यासाठी दोर एका बर्फाच्या उंचवट्याभोवती अडकवत होती, तेव्हा तिला हिमनदीच्या कडेच्या दगडगोट्यांतून माणसं येताना दिसली. सात-आठ जण, एका खेचरावर एक म्हातारे लामा. सगळ्यांच्या पुढे लाल टोपी. ती टोपी तिने बघितली, डोळे चोळले आणि परत बघितली.

अंगरूपही थबकला होता. मग तो पळत सुटला. तिच्यापर्यंत येऊन त्याने तिचे दोन्ही खांदे धरले आणि चाचपले.

"दीदी? दीदी, तुम्ही?"

"तू आत होतास," गौतमी म्हणाली. "तू बोगद्यात होतास."

"मी बाहेर होतो! खेचराच्या खोगिराला हात लावला आणि मागे सगळं बसलं. मी ओरडलो, खूप ओरडलो. मग गावात गेलो." त्याने इकडेतिकडे बघितलं. "सारंगजी?"

"तुला काढायला गेलाय."

"मला? कुठून?"

तिने भेगेकडे हात केला. अंगरूपचा चेहरा बघता बघता पांढरा पडला.

"फावडी द्या!" गौतमी बाकीच्यांकडे वळून ओरडली. "फावडी कुठायत?"

फावडं कुणाकडेच नव्हतं. तेव्हा त्याचा विचार करायला वेळही नव्हता. अंगरूपने दोर कमरेला बांधला, टोक गावकऱ्यांच्या हाती दिलं आणि उतरला. "तू थांब" असं तिला सगळे म्हणत असताना गौतमीही दुसऱ्या दोरावरून त्याच्या मागे गेली. ज्या भोकातून निघायला तिने एवढं रक्त आटवलं होतं, त्यातच ती परत पाय आधी घालून उतरली. खांदा पुन्हा त्याच जागी अडकला. तिने श्वास सोडला आणि सरकली.

दालन मघासारखंच होतं. भिंती आता जास्त कुरकुरत होत्या. बोगद्याच्या ढिगाऱ्यात खालच्या अंगाला एक बीळ दिसत होतं, नुकतं उकरलेलं. फावड्याचं पातं वाकून बिळाच्या तोंडाशी पडलं होतं. म्हणजे पुढचं सारंगने हातांनी उकरलं होतं.

"मी जातो," अंगरूप कुजबुजला. "ओरडू नका. सैल आहे सगळं."

तो आत सरपटत गेला. त्याचे बूट दिसेनासे झाले. गौतमी त्याचा दोर दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. वरच्या एका मोठ्या तुकड्यातून बारीक टकटक ऐकू येत होती, तव्यावर तीळ उडावेत तशी. तिने डोळे मिटले आणि परत उघडले. मिटलेले जास्त वाईट होते.

मग आतून अंगरूपचा आवाज आला, अगदी हळू, झोपलेल्या मुलाला उठवावं तसा.

"सारंगजी. ओ सारंगजी. मी अंगरूप."

काहीच नाही.

"इकडे बघा. मागे. मी मागे आहे."

आणि मग तिच्या भावाचा आवाज आला. तो हुंदका होता की हसू, ते तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही.

सारंग पोकळीत पोचला होता. पोकळी होती, पाटीने दाखवली होती तेवढीच, तशीच. तिच्यात कुणी नव्हतं. तिथे बसून तो पुढचे तुकडे चाचपत होता, कुठेतरी हात लागेल, कपडा लागेल म्हणून. अंगरूपने मागून त्याचा घोटा धरला तेव्हा त्याला वाटलं, आपण मेलो.

तिघं वर आले. सारंगचे हातमोजे फाटले होते आणि उजव्या हाताच्या बोटांचा रंग मेणासारखा झाला होता. त्याला खेचरावर बसवलं. लामा पायी चालू लागले. त्यांच्या पाठीमागे हिमनदीत काहीतरी दणकन बसलं. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला ते ल्हारिकला पोचले. वारा पडला होता. सकाळी हेलिकॉप्टर येईल असा निरोप होता. अंगरूपच्या बायकोने, पल्मोने, स्वयंपाकघरातल्या लोखंडी चुलीशी सारंगला बसवलं. कोमट पाण्याच्या परातीत त्याचे हात ठेवले. बोटांत रक्त परतू लागलं तशा त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण तो ओरडला नाही. दोन बोटं वाचणार नाहीत, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

पल्मोने सगळ्यांपुढे थुक्पाच्या, शेवयांच्या गरम सूपच्या, वाट्या ठेवल्या. सारंगला ती चमच्याने भरवू लागली. दोन घोट घेऊन त्याने मान वळवली.

"अंगरूप, मला एक सांगायचंय."

"आधी खा."

"नाही. पाटीवर ती पोकळी मला आधीच दिसली होती. तू तिथे असशील असं मला खरंच वाटत होतं. आणि मी ताईला सांगितलं की काही नाही. तुला सोडून आम्ही वर खणायला लागलो. मी लावलं."

पल्मोचा चमचा थांबला. तिला मोडकंतोडकं हिंदी कळत होतं, तेवढं पुरेसं होतं. तिने नवऱ्याकडे बघितलं.

अंगरूप बराच वेळ चुलीच्या झाकणाकडे बघत बसला.

"पण परत गेलात," तो म्हणाला.

"उशिरा."

"सारंगजी, मी काल बाहेर उभा होतो ना," अंगरूप म्हणाला, "मी ओरडलो. खूप ओरडलो असं मी दीदीला सांगितलं. तेवढा नाही ओरडलो. मला भीती वाटली, अजून बसेल म्हणून. मी खाली आलो आणि गावात सांगितलं की ते दोघं गेले." त्याने वाटी खाली ठेवली. "मी लामाजींना घेऊन आलो होतो. धूप आणला होता, दिवे आणले होते. फावडं एकालाही घ्यायला सांगितलं नाही."

बाहेर खेचराने खूर आपटले. सारंग अंगरूपकडे बघत होता. मग त्याने परातीतून आपला ओला, सुजलेला हात काढला आणि अंगरूपच्या गुडघ्यावर ठेवला. अंगरूपने तो हळूच उचलून परत कोमट पाण्यात ठेवला आणि वर स्वतःचा हात झाकणासारखा धरला. दोघं तसेच बसले. दोघांच्याही चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं दिसत होतं.

गौतमी समोर बसली होती. बोलायची पाळी आता तिची होती. वाक्य तयार होतं, छोटंसं होतं. पडदा चालू होता, मी हात लांब केला नाही. तिने तोंड उघडलं. चुलीच्या उजेडात तिघांचेही चेहरे तिच्याकडे वळले, मोकळे, थकलेले, तिच्याकडून कसलीच अपेक्षा नसलेले. सारंग तर तिच्याकडे बघून कसाबसा हसला. सगळी चूक आपण आपल्याकडे घेतली, ताई सुटली, असं ते हसू होतं.

"दीदी, तुम्ही काही खात नाही," पल्मो म्हणाली. "काय होतंय?"

"थंडी वाजतेय अजून," गौतमी म्हणाली.

पल्मोने चुलीचं झाकण उचलून आणखी दोन लाकडं आत सारली आणि तिला भिंतीकडे, जास्त उबेच्या जागी, सरकून बसायला सांगितलं.